अबोली भिंत

अकोल्यातल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ओमप्रकाशचं बिऱ्हाड होतं, आणि त्या बिऱ्हाडात एक झोपायची खोली होती. होती म्हणायची. पलंग आत नेला तेव्हा खोलीनं पोट आत ओढून श्वास रोखला, तो अजून सोडला नव्हता. कपाट उघडायचं तर आधी पलंगावर चढायचं, पलंगावर चढायचं तर आधी दार लावायचं, आणि दार लावायचं तर दारामागं टांगलेली पँट आधी अंगात घालायची, असा सगळा क्रम ठरलेला.

पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीपलीकडं लीलाबाईंचं स्वयंपाकघर. भिंत कसली, विटांचा पापड. पलीकडं मिरची तडतडली की इकडं शिंक यायची. लीलाबाई साठी ओलांडलेल्या, घरात एकट्या. माहेर कौंडण्यपूरकडचं. लग्नात येताना भांडीकुंडी थोडी आणि ओव्या गाडीभर घेऊन आलेल्या. पुढं जातं गेलं, मिक्सर आला. पण ओवी काय, जी घरघर मिळेल तिच्यावर बसते. सकाळी सहाला मिक्सर सुरू व्हायचा आणि त्याच्यावर आवाज चढवून लीलाबाई गायच्या:

जवस भाजले गं बाई, चटनी फिरते जोरात
भिंतीपल्याड ओमप्रकाश अजून हाये घोरात

"उठलो, मावशी!" ओमप्रकाश अंथरुणातूनच ओरडायचा.

"मंग आंघोळ कर!" भिंत म्हणायची.

असं हे छान चाललं होतं. पण लग्नाला आठ महिने झाले तरी नवरा अकोल्यात आणि बायको अमरावतीत. गीतांजली तिकडं शाळेत शिकवायची. आता तिला अकोल्याच्याच एका शाळेत नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. दोन्ही घरच्यांना वाटलं, झालं, संसार एका छपराखाली आला. पण दिवाळीत दोन दिवस ती खोली पाहून गेलेल्या गीतांजलीनं फोनवर बजावलं, "रविवारी मी नुसती पिशवी घेऊन येईन. खोली पाहीन. राह्यासारखी असली तं राहीन. नाई तं रोज अमरावती-अकोला अप-डाउन करीन. शंभर बाया करतात."

ओमप्रकाशनं बोटांवर हिशेब मांडला. अप-डाउन म्हणजे बायको सकाळी बसमध्ये, दुपारी शाळेत, संध्याकाळी पुन्हा बसमध्ये. नवऱ्याच्या वाट्याला काय, तर बसस्टँडावरून हात हलवणं.

आणि खरी अडचण खोलीची नव्हतीच. खरी अडचण त्याच्या कानांची होती. तो नळ-पाइपांच्या दुकानात कामाला, आणि जगातला प्रत्येक शब्द त्याला नळ-पाइपांतून वाहत आल्यासारखा ऐकू यायचा. दिवाळीत गीतांजली म्हणाली होती, "येतानी बेसन आना, भजे करतो." तासाभरानं हा घामाघूम होऊन खांद्यावर पांढरंशुभ्र बेसिन घेऊन आला. "दुकानातून सवलतीत भेटलं," असंही म्हणाला. गीतांजली तेव्हा हसली नाही. एवढंच म्हणाली, "तुमी माह्यं आयकतच नाई."

ते वाक्य त्याला तेव्हापासून टोचत होतं. या खेपेला फोन आला तेव्हा तो दुकानातलं बिलबुक आणि पेन घेऊन सावधान बसला.

"लिहा," गीतांजली म्हणाली. "सारं दोन हजारात बसवाचं. खिडकीले पडदा. कपडे टांगाले काहीतरी. आन तो पांढरा दिवा काढा, त्यात आपन दोघं मुडद्यासारखे दिसतो."

"पडदा, टांगनं, मुडदा," ओमप्रकाशनं लिहून घेतलं.

एवढ्यात पलीकडं मिक्सर सुरू झाला.

"हे काय घरघरून राह्यलं?"

"लीलामावशीची चटनी."

"बाप्पा! त्या भिंतीतून इतका आवाज येते?" गीतांजली ओरडून म्हणाली. "बरं, आता मेन गोष्ट आयका. डोक्याकडची भिंत मले अबोली पायजे."

"काय पायजे?"

"अबोली! भिंत अबोली पायजे! अर्धवट नाई, पुरी अबोली. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

"डोक्याकडची भिंत अबोली पायजे. पुरी."

"आयकलं माय एकदाचं!" गीतांजलीचा आवाज असा काही मऊ झाला की ओमप्रकाशच्या कानाची पाळी तापली. अवघड काय होतं त्यात? भिंत बोलत होती, बायकोला ती न बोलणारी पाहिजे होती. अबोली. शब्दच किती गोड! मास्तरीणबाईंचं मराठी!

भिंतीनं बोलू नये म्हणून काय करतात, याचा त्यानं दोन दिवस विचार केला. आणि कपाशीच्या मुलखातल्या माणसाला शेवटी जे सुचायचं तेच सुचलं. कापूस. थंडीत कानात घालतात तोच, फक्त जरा जास्त.

शुक्रवारी तो मूर्तिजापूरजवळच्या आपल्या गावी गेला आणि माळ्यावरच्या तीन जुन्या गाद्या काढल्या. त्याचे वडील खुशालराव अंगणात बसून पाहत होते.

"काहून गा, कोनाले झोपवतं इतक्या गाद्यांवर?"

"भिंतीले लावतो, बाबा."

खुशालरावांनी तिन्ही गाद्या बोटानं पुन्हा मोजल्या. मग म्हणाले, "तिची पाठ दुखून राह्यली काय?"

बसमध्ये कंडक्टरनं मागच्या बाकावर टेकलेल्या तीन गाद्यांकडं बोट केलं. "हे तिघं कोन?"

"झोपले हायेत, उठवू नका," ओमप्रकाश म्हणाला.

अकोल्यात गादीवाल्या चाचांनी गाद्या फाडून पाहिल्या. "कापूस अच्छा हाये बेटा, नुसते गठ्ठे झाले. पिंजून देतो. नाप सांग."

"नऊ फूट बाय सात."

"या अल्ला! इतना चौडा पलंग?"

"पलंग नाई चाचा, भिंत हाये."

चाचांनी पिंजायची मशीन बंद केली. "दीवार सोएगी?"

"नाई. गप बसन."

"बेटा, पन्नास साल झाले मले गाद्या भरून," चाचा म्हणाले, "मानूस गप करायले बी कधी कोनी गादी नाई भरली." पण त्यांनी भरली. मापाची एक सलग गादी, वीत-वीत अंतरावर टाके, वरून निळ्या पट्ट्यांचं कापड.

शनिवारी दिवसभर ओमप्रकाश खोलीत खपला. पडद्याला दुकानातला वाकलेला पाइप. कपडे टांगायला गिऱ्हाइकांनी दुकानात परत केलेले पाच पितळी नळ, भिंतीत स्क्रूनं ओळीत बसवलेले. दिवा पिवळा. बेसिन पलंगाखाली ढकललं होतं, ते काढून त्यात जुनी वर्तमानपत्रं नीट रचली, म्हणजे ते काहीतरी आहे असं वाटावं. आणि शेवटी चाचा आणि त्यानं मिळून, धापा टाकत, लाकडी पट्ट्या ठोकून ती अवाढव्य गादी डोक्याकडच्या भिंतीवर उभी केली.

पलीकडं मिक्सर लागण्याची तो वाट पाहत बसला. कान गादीला लावला. काही नाही. लीलाबाईंचा टीव्ही नाही, कुकरची शिट्टी नाही. जणू ओल्या कपाशीच्या वावरात धुकं उतरलं होतं आणि सगळं गाव त्यात विरून गेलं होतं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं गादीची पापी घेतली.

रविवारी साडेआठला गीतांजलीची बस यायची होती. आठला गाडी काढायची, स्टँडवर तिची पिशवी आपल्या हातात घ्यायची, असं सगळं त्यानं मनात घोकून ठेवलं होतं. उठायची काळजी नव्हतीच. सहाला ओवी आहे ना.

दार धडाधड वाजलं तेव्हा सव्वानऊ झाले होते.

बाहेर गीतांजली उभी, कपाळावर आठ्यांचं शेत नांगरलेलं. मागं लीलाबाई, केस विस्कटलेले, हातात लाटणं.

"सहापासून सात ओव्या गायल्या मी!" लीलाबाई कडाडल्या. "लाटन्यानं भिंत ठोकू ठोकू हात गेला माहा! हूं नाई की चूं नाई. मले वाटलं पोरगं गेलं! तेवढ्यात ही पोरगी जिना चढून आली, म्हटलं बिचारीले आता कोन्या तोंडानं सांगू?"

"मी अर्धा घंटा स्टँडवर उभी होती, तुमचा फोन बी बंद," गीतांजली म्हणाली. हळू म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"गीता, आधी खोली पाह्य," ओमप्रकाश म्हणाला, कारण दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

ती आत गेली. एका वेळी एकच माणूस आत उभा राहू शकत होता, म्हणून बाकीचे दोघं दारातून माना घालून पाहू लागले. तिनं पडद्याचा पाइप पाहिला. पितळी नळाचा कान फिरवून पाहिला.

"पानी येते काय याच्यातून?"

"नाई. पन साडी टांगली जाते."

तिच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. ओमप्रकाशच्या जिवात जीव आला. मग ती वळली, आणि निळ्या पट्ट्यांची ती नऊ बाय सातची गादी तिच्यासमोर उभी राहिली.

"हे काय?"

"अबोली भिंत," ओमप्रकाश अभिमानानं म्हणाला. "पुरी अबोली. एक शब्द नाई बोलत. मारून पाह्य हाक."

गीतांजलीनं भिंतीकडं पाहिलं. त्याच्याकडं पाहिलं. पुन्हा भिंतीकडं पाहिलं.

"रंग," ती म्हणाली. "अवो, रंग! अबोली रंग असते! लग्नात माह्या शालूचा काठ कोन्या रंगाचा होता?"

"लाल?"

"अबोली!"

"रंग?" लीलाबाई दारातून म्हणाल्या. "मले तं वाटलं फूल! फोनवरचं सारं मी आयकलं माह्या कानानं. म्हटलं, पोरगा पलंग सजवून राह्यला. माह्या कुंडीतली सारी अबोली तोडून रातच्याले गजरा केला मी, हातभर!" आणि त्यांनी पदराआडून खरंच हातभर गजरा काढला.

गीतांजली पलंगावर बसली. हातांची घडी घातली, तोंड मिटलं. ओमप्रकाशनं चहा विचारला, उत्तर नाही. पाणी विचारलं, नाही. संध्याकाळची बस कितीला आहे, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

"घे," लीलाबाई त्याच्या कानात कुजबुजल्या. "भिंत अबोली केली, आता बायकोनं अबोला धरला. चाल माह्या घरी, पोहे करू. रिकाम्या पोटी कोनी मानत नसते."

शेजारच्या स्वयंपाकघरात ओमप्रकाश कांदा कापत बसला. डोळ्यांतून पाणी येत होतं. कांद्याचं किती आणि त्याचं किती, हे सांगणं कठीण. लीलाबाईंनी आवाज खाली ठेवून, सवयीनं, पोह्यांवर पाणी शिंपडता शिंपडता म्हटलं:

सून आली शेजारी, अमरावतीच्या वाडीची
खोली तिची केवढी गं, जशी डबी काडीची

"मावशी, ती जाईन काय हो?"

"कांदा बारीक काप," लीलाबाई म्हणाल्या.

पोह्यांची ताटली घेऊन दोघं दारात आले आणि थबकले. गीतांजली बसल्या जागी मागं रेलली होती. डोकं गादीच्या दोन टाक्यांच्या मधोमध असं रुतलं होतं, जसं पाखरू घरट्यात. तोंड थोडं उघडं. ती झोपली होती. आणि नुसती झोपली नव्हती, घोरत होती.

तिच्या माहेरामागं मंगल कार्यालय. तुळशीचं लग्न लागलं की रोज वरात, रोज बँड. त्यात मुलांच्या वह्या तपासायच्या, आणि आज तर पहाटेची बस गाठलेली. कित्येक दिवसांची झोप तिच्याकडं थकली होती, ती गादीनं एका बैठकीत वसूल करायला घेतली.

दहा वाजले, बारा वाजले. पोहे गार झाले, लीलाबाईंनी खाल्ले. दुसरे केले, ते ओमप्रकाशनं खाल्ले. कुणी दार वाजवू नये म्हणून तो बाहेर जिन्यात पहारा देत उभा राहिला. भाजीवाल्यालाही त्यानं ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं, आणि तो बिचारा "मेथी" हा शब्द पायांच्या चवड्यांवर चालत कुजबुजत खाली गेला.

तीनला गीतांजलीचा मोबाइल वाजला. ओमप्रकाश आत धावला. तिनं डोळे न उघडताच फोन कानाला लावला. गालावर टाक्याचा गोल ठसा उमटला होता. फोनमधून तिच्या आईचा आवाज खोलीभर ऐकू आला, "काय वं, पाह्यली खोली? संध्याकाळच्या बसनं निघतं ना?"

ओमप्रकाशनं एका पितळी नळाला घट्ट धरलं.

"नाई, आई," गीतांजली जांभई देत म्हणाली. "दादाच्या हातानं माही पेटी पाठवून दे. आन बाजारातून अबोली रंगाचं कापड घेजो, सात-आठ मीटर. खोळ शिवाची हाये."

"कायची खोळ?"

"भिंतीची."

गीतांजलीनं फोन ठेवला आणि डोकं पुन्हा गादीत रुतवलं.

"गीता," ओमप्रकाश म्हणाला, "काय म्हनली तू आईले?"

तिनं एक डोळा उघडला. "हे बी नाई आयकलं?"

"आयकलं."

"मंग?"

"पुन्हा म्हन ना."