गंगासागरला पडलेली दोन मतं

गंगासागर निवडणुकीला उभी राहिली तेव्हा अंबाजोगाईतल्या त्या गल्लीनं तिला अगदी डोक्यावर घेतलं होतं. वॉर्ड बायकांसाठी राखीव सुटला होता. मोहनरावांनी पक्षाचं तिकीट आपल्या सुनेच्या, तेजश्रीच्या पदरात टाकलं. या तेजश्रीला गल्लीत कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. पोस्टरवर तिच्यापेक्षा सासऱ्याचाच फोटो मोठा. गंगासागरचं तसं नव्हतं. कुणाचं बाळंतपण असो की कुणाचं रेशनकार्ड अडलेलं असो, ही पदर खोचून पुढं. ती अपक्ष उभी राहिली आणि तिला चिन्ह मिळालं कपबशी.

अर्ज भरायला निघाली त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी तिची ओटी भरली. तिथं अशी ओटी भरणं म्हणजे नुसता खण-नारळ नसतो, तो शब्द असतो. पहिली ओटी भरली कावेरीनं. कावेरी म्हणजे भांड्यांचं दुकान असलेल्या मल्लिनाथची बायको, गंगासागरची भिंतीला भिंत लागून शेजारीण. पंधरवडाभर ती गंगासागरसोबत दारोदार हिंडली, घसा बसेपर्यंत बोलली. नाराज होती ती एकटी भिवराबाई, गंगासागरची सासू. मुलगा वीरेश पुण्याला कंपनीत आणि सुनेनं गावभर मतं मागत फिरायचं, हे म्हातारीला पटत नव्हतं. हिला मत देणार नाही, असं ती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मतदानाच्या दिवशी म्हातारी चक्क मोहनरावांच्या रिक्षात बसून शाळेवर आली. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. रांगेत ती नेमकी कावेरीच्या पुढं होती. जरा वेळानं मान वळवून हळूच म्हणाली, "कपबशी कितवी हाय गं? मला नीट दिसत न्हाई."

खालून दुसरी, कावेरीनं सांगितलं. म्हातारी आत गेली, बाहेर आली आणि पुन्हा त्याच रिक्षात बसली.

मग कावेरीचा नंबर लागला. मल्लिनाथचं घर सासऱ्यांच्या काळापासून मोहनरावांच्याच पक्षाचं. मशीनसमोर उभी राहिल्यावर तिच्या मनात आलं, रात्री यांनी विचारलं तर? त्या घरात खरं-खोटं करायची वेळ आली की गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून बोलायची रीत होती, आणि लिंगाला हात लावून खोटं बोलायची कावेरीची छाती नव्हती. शिवाय गंगासागर तर निवडून येणारच. सगळ्या गल्लीनं ओटी भरली आहे, आपल्या एका मतावाचून तिचं काय अडतंय? घरात उगाच कटकट कशाला? तिनं तेजश्रीचं बटण दाबलं. मशीन वाजलं तेव्हा बाईसाहेबांना वर हलकंसुद्धा वाटलं.

रात्री मल्लिनाथ जेवला, हात धुतले, मोबाईल घेऊन बसला. विचारलं काहीच नाही. शेवटी न राहवून तिनंच विषय काढला, तुम्ही कधी गेलात मत द्यायला म्हणून.

"म्या कुठं गेलतो? दुकान सोडून कोण जातंय," तो म्हणाला. "आपल्या येकट्याच्या मतानं काय व्हतंय?"

जो प्रश्न कधी येणारच नव्हता, त्याला भिऊन कावेरीनं दिलेला शब्द मोडला होता. तरी तिनं मनाची समजूत घातली. गंगासागर येईल, गुलाल उधळेल, कुणाला काही कळायचं नाही.

निकाल लागला. तेजश्री निवडून आली, आणि गल्लीच्या बूथवर कपबशीला पडली दोन मतं. म्हणजे घराघरातून कावेरीसारखाच हिशेब झाला होता. इतर देतीलच, आपण कशाला वाईटपणा घ्यायचा. अर्ध्या घरांतून तर कुणी बाहेरच पडलं नव्हतं, ती निवडून आलीच आहे म्हणून. आता सगळ्यांना अचानक कामं निघाली. गंगासागर रस्त्यानं दिसली की बायका दारं लोटून घेत. समोर सापडलीच एखादी, तर मुलाबाळांची शपथ घेऊन सांगे की मी तुलाच दिलं. कावेरी दोन दिवस भाजी-माळवं आणायलासुद्धा बाहेर पडली नाही.

तिसऱ्या दिवशी गंगासागरनं भिंतीवरून हाक मारून तिला चहाला बोलावलं. जाणं भाग होतं. भिवराबाई दाराशी लसूण सोलत बसली होती. गंगासागरनं कप हातात दिला आणि समोर बसली. तिचे डोळे सुजलेले होते.

"दोन पडली, आक्का," ती म्हणाली. "येक माझं. दुसरं कुणाचं, ते मला कुणी सांगायला नगं. ह्यांना सुट्टी भेटली न्हाई. घरातल्या मानसानं मोहनरावांच्या रिक्षात बसून त्यांनाच टाकलं. समद्या गल्लीत शब्द पाळला तो तुमी."

घरातलं माणूस लसूण सोलतच होतं. सुनेला तोंडावर बरं म्हणायची त्या बाईला सवय नव्हती, पण आता तरी ती बोलेल, आपलं बिंग फोडेल, म्हणून कावेरीचा जीव टांगणीला लागला. म्हातारी बोलली नाही. मग आता बोलायचं होतं ते कावेरीनंच. तिनं तोंड उघडलं.

"त्यात काय येवढं," ती म्हणाली.

स्वतःचाच आवाज ऐकून तिला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चहा तसाच घशाखाली लोटून ती उठली. दाराशी आल्यावर मात्र ती थांबली. म्हातारीजवळ वाकून कुजबुजली.

"मावशी, म्या न्हाई दिलं. तेजश्रीला दिलं. कपबशीचं ते मत तुमचं हाय."

"मला ठाव हाय."

"मग सांगितलं कावून न्हाई तिला?"

भिवराबाईनं हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली. "माझं मत घरचं," ती म्हणाली. "त्याला काय मोजायचं? बाहेरचं येक तरी मानूस आपलं हाय, आसं वाटू दे तिला."

आतून गंगासागरनं विचारलं, आक्का गेल्या का?

"गेली," भिवराबाई म्हणाली.

कावेरी अजून पायरीवरच उभी होती.