जोडवी

"काकू, बोटं अलग करा. पूरा फैलाइए. हां, अजून."

शरदिनीची बोटं अलग होईनात. ती आपल्या पावलांकडे, जणू शेजारणीची असावीत, अशी बघत होती.

"ये दुसरी उंगली अटकतेय," व्यायाम शिकवायला दर मंगळवारी येणारी नीरजा म्हणाली. "जोडवी काढा, काकू. पायाला सूज असते, चांदी घासते. तुम्हाला तर कळणारपण नाही."

शरदिनीने माझ्याकडे पाहिलं. ती काढायला तयार होती, हे मला कबूल केलंच पाहिजे. मीच म्हणालो, "तेवढं सोडून बाकी सगळं करू."

"काका, समझिए ना!"

मी समजून घेतलं नाही.

शरदिनीला साखरेचा आजार वीस वर्षांपासून. गेल्या थंडीत भाजी घेऊन आली ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी कुठंय विचारलं, तर खाली बघून हसली. वाटेत कुठे निसटली, तिला पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, पायाच्या नसा गेल्यात, त्या परत यायच्या नाहीत, पण व्यायामानं तोल राहील. चाळीस वर्षं ही बाई पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून पाणी आणत होती आणि माझ्याकडे पूजेला येणाऱ्या यजमानांच्या पंक्ती वाढत होती. तिचे पाय मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

मग रोज सकाळी जमिनीवर पंचा पसरायचा. बोटांनी तो गोळा करायचा, भिंतीला धरून टाचा उचलायच्या, एका पायावर उभं राहायचं. मी मोजायचो.

"अहो, संकल्प सांगताय का? नीट मोजा," ती चिडवायची. महिन्याभरात ती दहा आकडे एका पायावर उभी राहू लागली. त्या दिवशी तिनं शिरा केला, आणि मी तिला खाऊ दिला नाही म्हणून रुसली.

जोडव्यांचं मात्र मी मनावर घेतलं नाही. मी पुरोहित. घाटावर दहाव्याला नवरा गेलेल्या बाईची जोडवी उतरवतात, तेव्हा समोर मीच बसलेला असतो. घट्ट बसलेलं जोडवं निघत नाही. मग नणंद नाहीतर जाऊ साबण लावून ओढते, आणि ती बाई रडायची थांबून पायाकडे बघत राहते. मला ते माझ्या घरात बघायचं नव्हतं. शास्त्राचा प्रश्न नव्हता. मला भीती वाटत होती.

एका सकाळी पंच्यावर लाल डाग दिसला.

"कुंकू सांडलं असेल," ती म्हणाली. मी मान डोलावली आणि मोजायला लागलो.

चार दिवसांनी वास आला. उजव्या पायातलं जोडवं बोटात रुतलं होतं, आणि तिला एकदाही दुखलं नव्हतं. इस्पितळात आधी जोडवं कापलं, दोन दिवसांनी बोट. नर्सनं जोडव्याचे दोन तुकडे कापसात गुंडाळून माझ्या हातात दिले.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात नीरजा आली. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

"अभी बैठकरच करायचं, काकू. फक्त डावा पाय."

मी न्हाणीघरातून साबण आणि तांब्या आणला, आणि शरदिनीसमोर खाली बसलो. तिनं पाय मागे ओढला.

"अहो, तुम्ही कशाला पायाला हात लावता?"

"असू दे."

डाव्या पायातलं जोडवं निघेना. मी फेस केला, हळूहळू फिरवत राहिलो. निघालं तेव्हा खालची कातडी पांढरीफटक होती. शरदिनी रडली नाही. नुसती पायाकडे बघत राहिली.

"अगं, मी आहे," मी म्हणालो. "इथंच बसलोय."

"दिसतंय मला. मोजा आता."

तिनं बोटं फाकवली. या वेळी ती अलग झाली. मी चारपर्यंत मोजलं. पुढचे आकडे तिनंच म्हटले.