उजव्या कानाला दोन भोकं

मी एक म्हातारा उंदीर आहे. वय दीड वर्ष. हसू नका मित्रांनो, आमच्यात एवढ्या वयात पणजोबा होतात!

आम्हा प्रयोगशाळेतल्या उंदरांना नावं नसतात, ओळखीसाठी कानाला भोकं पाडतात. कोणत्या कानाला किती भोकं, यावरून नंबर ठरतो; माझ्या उजव्या कानाला दोन आहेत, म्हणजे मी पाच नंबर. वहीत माझ्यापुढे लिहिलं आहे, 'जनुक नाही'. जनुक म्हणजे शरीर घडवण्याची सूचना. माझ्यातली एक सूचना माणसांनी ठरवून घालवली, म्हणून आईच्या पोटात माझा मेंदू लहान आणि अस्ताव्यस्त वाढला. मला कुणी विचारलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

मोठेपणी आमची परीक्षा झाली. गोल हौदात पांढरट पाणी आणि पाण्याखाली लपवलेली एक फळी. पोहत जाऊन ती शोधायची. माझ्या सख्ख्या भावाचं जनुक शाबूत होतं. तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या सरळ फळीवर! मी आपला कडेकडेने गरगर फिरत राहिलो. नाकातोंडात पाणी गेलं. संशोधक ताई रोज मला टॉवेलने पुसायची आणि वहीत 'नाही' लिहायची. असे आठ दिवस गेले. भिंतीवर खुणेसाठी लावलेला काळा त्रिकोण दिसला की आत वळायचं, एवढंच मी घोकत होतो. नवव्या दिवशी मी फळी गाठली.

"शक्यच नाही," मोठे सर म्हणाले. "भांडणात कान फाटला असेल, तू ते भोक समजलीस. चुकीचा उंदीर उचललायस. काढून टाक यादीतून."

माझा संताप झाला. नऊ दिवस पोहलो मी, आणि ते एका रेघेने पुसणार?

"सर, शेपटीचा तुकडा घेऊन याचं जनुक पुन्हा तपासू या ना."

"उगाच वेळ घालवू नकोस."

पण ताई हट्टाला पेटली. तिने शेपटीचं टोक कापलं. दुखलं, तरी मी तिला चावलो नाही. तपासणीत जनुक खरोखरच नव्हतं.

"मग हा पोहोचला कसा?" सरांनी विचारलं.

"तेच तर लिहायचंय, सर."

आज ताई मला कायमचं झोपवणार आहे. मग माझा मेंदू काचपट्टीवर ठेवतील. ठेवा खुशाल, तो लहानच भरेल. पण मित्रांनो, कुणात काय कमी आहे एवढंच मोजून वही मिटू नका. माझे आठ 'नाही' लिहिलेत ना? मग नववा 'हो'सुद्धा तेवढाच ठळक लिहा.