सारजाचा जोड

चतुराबाईंना संशय आला तो जोडावरूनच. नातवाच्या बारशासाठी लोखंडी पाळणा सांगितला होता, तो बघायला त्या गारखेड्यातल्या बद्रीनाथच्या वर्कशॉपात आल्या होत्या. आडवा पाइप उभ्याला जिथं जोडला होता तिथं वेल्डिंग करंजीला मुरड घालावी तसं एकसारखं बसलं होतं. पुरुषमाणसाचा हात इतका जपून कधी चालतो का?

“हे कुणी केलं रं?”

“मीच की, काकू,” बद्रीनाथ म्हणाला, पण खाली बघून. चतुराबाई कसल्या ऐकतात! शेजारच्या चहावाल्याला खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं. बद्रीनाथच्या डोळ्यांत मोतीबिंदू. वर्कशॉपातलं वेल्डिंग सगळं त्याची विधवा भावजय सारजा करते.

आता खरं सांगायचं तर निम्म्या गारखेड्याची गेटं सारजाच्याच हातची. त्या गेटांना कुलपं लावून बायका निवांत झोपतात. हळदीकुंकवाला मात्र त्याच गेटातून सारजाला कुणी आत घेत नाही. लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

“असल्या बाईचा हात लागलेल्या पाळण्यात माझा नातू निजायचा नाय,” चतुराबाईंनी बद्रीनाथला बजावलं. “जोड काप. तुझ्या हातानं कर.”

सारजा तेव्हा दोन दिवस बिडकीनला खिडक्या बसवायला गेली होती. गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं बद्रीनाथनं तिचे जोड ग्राइंडरनं कापले. त्याला धड दिसत नव्हतं. सलग वेल्डिंग काही जमेना, म्हणून प्रत्येक जोडाला त्यानं नुसते दोन दोन टाके मारले, वरून पुट्टी भरली आणि गुलाबी रंग चढवला. पाळणा दिसायला देखणा झाला. चतुराबाईंनी बोट फिरवून बघितलं, जोड खडबडीत लागला, म्हणजे पुरुषाचाच हात, आणि त्यांचं समाधान झालं.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. सून आवडा बाळाला घेऊन पाळण्याशी वाकली, तेवढ्यात दारात सारजा दिसली. उंबऱ्याबाहेरच थांबलेली, कामाच्याच कपड्यांत.

“मावशी, लेकरू ठिवू नका त्याच्यात,” ती म्हणाली. “माझे कापलेले जोड मी आत्ता वर्कशॉपात बघितले. भावजींनी नुसते टाके मारलेत, त्यांनीच कबूल केलं. आधी ज्वारीचं पोतं ठिवून बघा.”

ही कशाला आली? आजच्याच दिवशी बरी आली! पाळण्यात काही ठेवलं तर नसेल हिनं? चतुराबाईंच्या मनात पाल चुकचुकली आणि त्यांनी सारजाला जायला सांगितलं. आवडानं मात्र बाळाला शेजारणीकडं दिलं आणि कोपऱ्यातलं अर्धं पोतं स्वतः ओढत आणून पाळण्यात ठेवलं. एक झोका दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला कडाडकन आवाज झाला, आडवा पाइप निखळला आणि पोतं फरशीवर आदळून फुटलं.

एवढ्यावर तरी तोंडं बंद व्हावीत की नाही?

“तिचीच नजर लागली,” चतुराबाई म्हणाल्या. दोघीतिघींनी माना डोलावल्या.

आवडा आजवर सासूपुढं मान वर करून बोलली नव्हती. “आत्याबाई, तिची नजर नसती, तर आत्ता ज्वारी नाय, माझं लेकरू गोळा करत बसलो असतो,” ती म्हणाली. “ह्या बाईच्या हाताबिगर माझं लेकरू कशातबी निजणार नाय.”

तिनं बारशाचं नवं लुगडं उचललं, सारजाला हाताला धरून आत आणलं आणि छताच्या कडीला झोळी बांधायला सांगितली. सारजानं गाठ नीट मारली. पाळणा म्हणायला कुणीच सुरुवात करेना.

चतुराबाई पुढं आल्या. अजूनही तोंडावर संशय होताच. दोन्ही हातांनी त्यांनी झोळी धरली आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढली. गाठ हलली नाही. पुन्हा ओढली. मग फरशीवरच्या ज्वारीकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या.

शेवटी शेजारणीच्या हातून नातू घेऊन त्यांनी तो सारजाकडं दिला.

“तूच घाल,” त्या म्हणाल्या. पण बाकीच्या बायकांना ऐकू जाणार नाही, इतक्या हळू.

इतक्या हळू का, हे ज्यानं त्यानं आपापल्या घरात विचारावं.