शर्टाचं मागचं टोक

माझा नवरा गेल्यापासून आमच्या मुलाला, इलायला, 'पुरुष बनवायचा' मक्ता माझ्या दिरानं, रेनोनं, परस्पर घेतलाय. मिशिगनच्या जंगलातल्या आमच्या लाकडी खोपटात हरणाच्या शिकारीच्या मोसमात बायका येत नाहीत. यंदा मी मुद्दाम आले. पोराला या माणसाच्या तावडीत एकटं सोडायला मी काही वेडी नाही.

दुपारी इलायनं आयुष्यातली पहिली गोळी झाडली. हरीण दलदलीकडे पळालं. रेनो तिथवर जाऊन बघून आला आणि दारातूनच ओरडला, "चुकली! कात्री आणा!"

नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापून भिंतीवर ठोकायचं, ही यांची रीत.

"काका, लागलीय. मी रक्त पाहिलं पानांवर." इलायचे डोळे भरले होते. "ते तडफडत असेल. शोधायला हवं."

"अरे रडूबाई, चुकली म्हण आणि मोकळा हो! त्या गाळात कोण तडमडणार?" रेनोनं बूट काढून शेगडीपाशी टाकले, इलायच्या शर्टाचं टोक कराकरा कापलं आणि भिंतीवर खिळ्यानं ठोकलं. त्याचे दोस्त फिदीफिदी हसले. पत्ते वाटले गेले.

इलायनं बंदूक उचलली आणि तो निघाला. मीही उठले.

"वहिनी, घोड्याला किती दिवस कडेवर घेऊन फिरणार?"

"तू पत्ते पिस," मी म्हटलं.

गुडघाभर बर्फाळ पाण्यात हरीण पडलं होतं, डोळे उघडे, अजून धापा टाकत. इलाय रडत होता, पण शेवटची गोळी घालताना त्याचा हात हलला नाही. आम्ही दोघांनी ते ओढत आणलं आणि बाहेर झाडाला टांगलं.

आत शिरताच रेनो टुणकन उठला. इलायच्या बाहीवरचं रक्त बोटावर घेऊन त्याच्या गालाला फासायला निघाला. "शाब्बास वाघा! आता खरा पुरुष झालास! फोटो काढा रे!"

इलायनं त्याचं मनगट धरलं. "नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी भिंतीवरचं ते टोक उपटायला गेले.

"राहू दे, आई. पहिली गोळी खराबच होती. ती चूक माझी." मग तो रेनोकडे वळला. "पण काका, रक्त तुम्हीही पाहिलं होतं. ते बघा, तुमच्या बुटांना लागलंय."

सगळे शेगडीकडे बघायला लागले. आडव्या पडलेल्या बुटांच्या तळाला पानं चिकटली होती, वाळलेल्या रक्तानं लाल. कुणी हसलं नाही. रेनो नुसत्या मोज्यांवर उभा होता.