आवाजाचं बटन

"बोल आता!" असं म्हणून बाबुलालनं गिटारची सगळ्यात बारीक तार छेडली आणि मान तिरपी करून ऐकलं. तार बोलली, पण तोंडावर फडकं धरून बोलावी तशी. आदल्याच आठवड्यात चढवलेली नवी कोरी तार. त्यानं तिला एक सणसणीत शिवी दिली आणि पुन्हा छेडली, या खेपेला जोरात.

अंगणात मोहफुलं वाळायला पसरत बसलेल्या रत्नमालानं चेहरा आंबट केला.

"तुले काय झालं?"

"काही नाई जी," ती म्हणाली आणि फुलं पसरत राहिली.

बाबुलाल करडीच्या राइस मिलमध्ये मशीन चालवायचा. दिवसभर मिलची घरघर आणि डोक्यावर कोंड्याची धूळ. पण त्याला कोणी विचारलं, की काय करता भाऊ, तर तो म्हणायचा, पुंडलिकरावांच्या गाण्यांच्या प्रबोधन पार्टीत गिटार वाजवतो. मिलचं नाव नंतर यायचं, आणि तेही कोणी खोदून विचारलं तर. भंडारा-गोंदिया जिल्हा अजून एकच होता तेव्हा थेट गोंदियापर्यंत पार्टीची जीप जायची. जिल्हे दोन झाले, पण बाबुलालची जागा बदलली नाही. मंचावर डाव्या हाताला, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या आपल्या अँपच्या पुढ्यात.

गिटार त्यानं नागपुरात जुनी घेतली होती, तिचा रंग मुळात कोणता हे आता कोणाला सांगता आलं नसतं. तिच्या सगळ्या खोडी मात्र त्याला पाठ होत्या. गिटारच्या मानेतून एक लोखंडी सळई गेलेली असते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, मान वाकते आणि तारा वर उचलतात. मग किल्लीनं ती सळई पाव आटा कसायची आणि रात्रभर थांबायचं, घाई केली की मान कायमची जाते. तार खाचेत अडकत असेल तर तिथं पेन्सिलीचं शिसं घासायचं. हे सगळं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दोन-तीनदा गिटारची वाट लावून तो शिकला होता. आसपासच्या तालुक्यांतली वाजवणारी पोरं आपापल्या गिटारी पोत्यात गुंडाळून त्याच्याकडे आणायची, आणि बाबुलाल वैदूसारखा तोऱ्यात एकेकीची नाडी बघायचा.

दिवाळीपासून मात्र त्याची स्वतःचीच गिटार आजारी होती. आवाजातली धार गेली होती. त्यानं तारा बदलल्या, वायर बदलली, अँप उघडून पुसून काढला. अँपवरचा बारीक आवाजाचा काटा तर शेवटाला नेऊन ठेवला होता. मागच्या तालमीला पुंडलिकराव जवळ येऊन हळूच म्हणाले होते, "बाबुलालभाऊ, बारीक आवाज जरा कमी करा. कानात घुसून राहिला."

"घुसून? मले तर निंगूनच नाई राहिला वाटते," असं म्हणून बाबुलाल हसला होता. मनात म्हणाला, म्हातारा थकला आता.

नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे. पण बाबुलालला नाचता येत होतं, हीच तर पंचाईत होती. बोटं जिथल्या तिथं पडत होती, ताल सुटत नव्हता. मग अंगणाशिवाय दोष द्यायचा कोणाला? स्वतःच्या कानांवर संशय घ्यावा असं माणसाच्या मनात येत नाही. आपल्याला ऐकू येतं तेवढाच आवाज जगात आहे, असंच तो धरून चालतो.

त्या दिवशी त्यानं गिटारच्या पोटावरची पट्टी उघडली आणि चोर सापडल्यासारखा ओरडला, "हे पाय! हे बटनच खाऊन राहिलं आवाज!"

आवाज कमी-जास्त करायच्या बटनातून जाताना धार थोडी मरते, हे त्याला माहीत होतं आणि ते खोटंही नव्हतं. त्यानं बटन वगळून आतली वायर डाग देऊन सरळ बाहेरच्या वायरीला जोडली. बटन जागच्या जागी राहिलं, फिरतही होतं, पण आता ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

रत्नमाला वाकून बघत होती. "मंग आवाज बंद कसा करान जी?"

"बंद कायले करू? वाजवाले नेऊन राहिलो ना!"

दुसऱ्या दिवशी चौदा एप्रिल. कार्यक्रम एकोडीला होता, आणि एकोडी म्हणजे बाबुलालची सासुरवाडी. जावई मंचावर असायचा म्हणून दरसाली रत्नमालाला बायांमध्ये पहिल्या रांगेत जागा मिळायची. पांढरं लुगडं नेसलेली तिची आई शेजारणींना कोपरानं ढोसून सांगायची, "तो गिटारवाला आमचा."

पार्टीचा एक रिवाज होता. आधी त्रिशरण-पंचशील, मग गाणी. पंचशील चाललेलं असताना एकाही वाद्याचा आवाज होता कामा नये, पुंडलिकराव त्याबाबतीत फार कडक. तबलजी हात मांडीवर ठेवायचा. बाबुलाल गळ्यातली गिटार काढायचा नाही, फक्त उजव्या हाताच्या दोन बोटांनी बटन बंद करायचा आणि मग हात जोडायचा. इतक्या वर्षांत ते त्याच्या अंगवळणीच पडलं होतं.

त्याही दिवशी त्यानं बटन फिरवलं, हात जोडले आणि डोळे मिटले. दोन्ही प्रतिमांपुढं मेणबत्त्या लागल्या होत्या, गाव उभं होतं, आणि सगळ्यांबरोबर तो खड्या आवाजात म्हणू लागला.

गिटारच्या तारांवर हात असला की त्या गप्प राहतात. हात निघाले, पाठीमागं अँपचा आवाज पूर्ण सोडलेला, आणि त्या आवाजानंच मोकळ्या तारा थरथरू लागल्या. आधी सुईसारखी बारीक शीळ निघाली, मग ती वाढत गेली. लोकांनी पहिल्यांदा सोसलं, डोळे मिटूनच सोसलं. कडेवरचं एक लेकरू रडायला लागलं. म्हाताऱ्यांनी कान झाकले. तिसऱ्या शीलापाशी मागच्या रांगा थांबल्या, मग पुढच्या, आणि शेवटी पुंडलिकरावही थांबले. थांबला नाही तो एकटा बाबुलाल. त्याच्यापुरती तिथं शांतता होती. चौथं शील त्यानं एकट्यानं, मोठ्यानं, एकही चूक न करता म्हटलं.

रत्नमाला उठली. आईनं पदर धरला, तो तिनं सोडवला. सगळ्या माहेरासमोरून ती मंचावर चढली, अँपचं बटन खाली केलं आणि नवऱ्याच्या जोडलेल्या हातांवर आपला हात ठेवला.

त्यानं डोळे उघडले. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं.

"काय झालं?"

ती त्याच्या उजव्या कानाशी गेली. "शीळ वाजून राहिली होती जी. कवाची."

"कोनाची?"

"तुमचीच."

पंचशील पुन्हा पहिल्यापासून झालं. त्या दिवशी बाबुलाल वाजवायला उभा राहिला नाही, त्याच्या जागा पेटीवाल्यानं भरून काढल्या. जेवणाच्या पंगतीत तो नको नको म्हणत असताना मेव्हण्यानं भात वाढला, त्यावर तूप वाढलं, आणि पुन्हा भात वाढला. ते प्रेम बाबुलालला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

सकाळी करडीला घरी आल्यावर तो ओट्यावर बसला. रत्नमाला चहा घेऊन आली आणि उजवीकडे बसली. ती हल्ली नेहमी उजवीकडेच बसते, हे त्याच्या आज ध्यानात आलं.

"तुले कवापासून माहीत होतं?"

"मागच्या धानाच्या चुरणीच्या टायमापासून. दारात सायकलची घंटी वाजे, अन् तुमी मानच नाई उचलत."

"मंग सांगतलं काहून नाई?"

तिनं पदरानं कप पुसला, तो पुसलेलाच होता. "तुमी पेंच कसत बसा, तारा बदलवत बसा. मले वाटे, बसू दे. गिटार बिघडली म्हनलं तर मानूस दुरुस्त करत बसते जी. कान बिघडला म्हनलं तर काय कसान?"

बाबुलालला रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस ओट्यावर बसून रडला, आणि ती शेजारी चहा थंड होऊ देत बसून राहिली.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की नस वाळली आहे, मिल आणि अँप दोघांनी मिळून वाळवली आहे. कानाला मशीन लावलं तर बोलणं समजेल, पण गाण्याचं काही खरं नाही. बाबुलालनं मान डोलावली. डॉक्टरांचं निम्मं बोलणं त्याला रत्नमालानं बाहेर आल्यावर परत सांगितलं.

बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम करडीलाच होता. पुंडलिकरावांनी दिघोरीचा धर्मेंद्र नावाचा तरुण बघून ठेवला होता, पण त्याच्याकडे स्वतःची गिटार नव्हती. हे सांगायला पुंडलिकराव घरी आले आणि अर्धा तास उन्हाळ्यावर बोलले. शेवटी बाबुलालच म्हणाला, "माही घेऊन जा. पन दोन दिस द्या मले."

त्या दोन दिवसांत त्यानं गिटार पुरती उघडली. मानेची सळई बघितली, खाचांत शिसं घासलं, तारांची उंची परक्या बोटांसाठी थोडी वाढवली. बटन पुन्हा पहिल्यासारखं जोडलं. सूर लावायची वेळ आली तेव्हा त्यानं हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकवली. दोन तारा जुळत नसल्या की लाकडात धडधड होते, जुळत आल्या की ती मंदावते. हाडाला ते कळत होतं. बारीक तारांपाशी मात्र हाडही फसू लागलं.

"इकडे ये," त्यानं रत्नमालाला हाक मारली. "या दोन तारा सारख्या वाटतेत का सांग."

"मले काय समजते जी त्यातलं?"

"आयकू तर येते ना."

तिनं डोळे मिटून ऐकलं. बऱ्याच वेळानं मान हलवली. त्यानं खुंटीवरचा हात काढला.

धर्मेंद्र गिटार न्यायला आला, जयभीम केला आणि तिथंच वाजवून बघितली. त्याचा चेहरा उजळला. बाबुलाल त्याचा चेहराच बघत होता.

"एक ध्यानात ठेवजो," तो म्हणाला. "पंचशीलाच्या आंधी हे बटन बंद. मंगच हात जोडाचे."

"हो काका."

पौर्णिमेला बाबुलाल पांढरा सदरा घालून बाप्यांच्या रांगेत बसला. करडीत तो कार्यक्रमाला खाली बसलेला कोणी पाहिला नव्हता, म्हणून लोकांनी त्याला उगीचच पुढं जागा करून दिली. पंचशीलासाठी सगळे उभे राहिले. मंचावर डाव्या हाताला धर्मेंद्र उभा होता.

बाबुलालचे डोळे त्याच्या हातावर होते. धर्मेंद्रनं बटन बंद केलं आणि हात जोडले.

खाली बाबुलालचा उजवा हात कमरेपाशी गेला. दोन बोटं सदऱ्यावर अलगद फिरली, जागेवर येऊन थांबली, आणि मग त्यानं हात जोडले.