मऊ गाल

बाहुलीची तंगडी धरली आणि दुरुस्तीवाल्याची बोटं तिला चिकटली.

"शी!" तो ओरडलाच.

गालांवर पिवळट, तेलकट थेंब जमले होते, त्यांत धूळ न् केस अडकलेले, आणि वास तर असा खवट की सकाळचा चहा घशाशी आला.

"घरभर हाच वास," म्हातारीला घेऊन आलेली लेक टेबलावर वाकून कुजबुजली. तिची आई मागे स्टुलावर बसली होती, बाहुलीवरून नजर न हटवता. "हुबेहूब नवी आणून दिली, तर आईने खिडकीतून भिरकावली. तुम्हीच सांगा ना, आता हिचं काही होत नाही म्हणून. तुमचं ऐकेल. मग मी कचऱ्यात टाकून मोकळी होते."

सांगतो की! त्याला तरी कुठे ही ब्याद हवी होती? उभा जन्म बाहुल्यांत गेला आणि आता त्यांचा वीट आला होता. आधी दगडासारख्या टणक, मग मऊ, मग बटण दाबलं की बडबडणाऱ्या. आता समोरच्या दुकानात सुळे विचकणारी केसाळ ध्यानं, आणि ती घ्यायला चांगली मोठी माणसं रांगेत. कर्म!

त्याने बाहुली पालथी केली. पाठीवर कारखान्याचा शिक्का होता. त्याच कारखान्यात तो साच्यावर कामाला होता. टणक बाहुल्या खपेनात, तेव्हा मालकाला यानेच ऐटीत सुचवलं होतं: प्लॅस्टिकमध्ये तेल दुप्पट घाला, गाल बाळासारखे मऊ होतील. झालेही. माल हातोहात गेला, याला बढती मिळाली. तेच तेल आता बाहेर येत होतं आणि येतच राहणार होतं. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"आजी," त्याने घसा खाकरला, "हिचं आता..."

म्हातारीने उठून बाहुली ओढूनच घेतली. रुमालाने कपाळ टिपलं, गाल टिपले, मानेची घडी टिपली.

"रात्रभर तापाने फणफणली होती," ती त्याच्या पांढऱ्या एप्रनकडे बघत म्हणाली. "आता घाम फुटलाय. डॉक्टर, उतरतोय ना ताप?"

लेकीने डोळ्यांनी खुणावलं. सांगा.

दुरुस्तीवाल्याने बाहुलीच्या कपाळावर हात ठेवला. तळवा चिकटला. त्याने हात काढला नाही.

"उतरलाय," तो म्हणाला. "पण घाम येत राहील. रोज पुसायचा."